आधी स्टूल घे

खोली बघायला गेले तेव्हा मालकांनी मला आडनाव विचारलं नाही. त्याआधी सोलापूरच्या भवानी पेठेतच तीन घरी आडनाव विचारून झालं होतं, आणि तिन्ही घरांतली खोली नेमकी कालच कुणाला तरी दिलेली होती. ह्यांनी विचारलं, "फोडणी लई जाळता का?"

"बेतानं," म्हटलं.

"उदबत्ती, धूप?"

"नाही. आमच्याकडं बुद्धांच्या मूर्तीपुढं मेणबत्ती लावतात."

"चालंल. मेणबत्तीला धूर न्हाई. डासाची कॉइल?"

"नाही."

"मग आणा की सामान."

एवढीच मुलाखत. नाकात ऑक्सिजनची नळी घालून दारात लोखंडी खुर्चीवर बसलेला तो बारकासा माणूस मला त्या दिवशीच आवडला. तसं मी त्यांना कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यातही त्यांनी काहीतरी चूक काढली असती.

मालकांचा सगळा जन्म यंत्रमागांवर गेला होता. ते जॉबर होते, म्हणजे बिघडलेला माग चालू करून देणारे. घरात तेलुगू, गल्लीत मराठी आणि मागाशी बोलताना दोन्ही भाषांतल्या शिव्या. फुप्फुसं कशानं गेली असं कुणी विचारलं तर म्हणायचे, "निम्मी बिडीनं, निम्मी कापसानं. दोघांनी मिळून काम केलंय, एकट्याला कशाला बोल लावायचा?" ऑक्सिजनचं मशीन आतल्या खोलीत घुमत असायचं आणि त्याची लांब नळी बरोबर उंबऱ्यापर्यंत पोचायची. त्यापुढं पाऊल टाकलं की नाक ओढलं जायचं. म्हणून मालकांचं राज्य उंबऱ्यापर्यंत, आणि उंबऱ्यावर त्यांची खुर्ची. नळीवर जागोजागी त्यांनी रंगीत चिमटे लावले होते, आम्ही पाय देऊ नये म्हणून. तरी माझा पाय पडायचाच. मग ते डोळे वटारून म्हणायचे, "सिस्टरम्मा, माज्या गळ्यावर उभी हाईस तू."

दार मात्र दिवसभर सताड उघडं. सोलापूरचा उन्हाळा, भर दुपारी गल्लीतली धूळ सरळ घरात. मालकीणबाई, ज्यांना मी मावशी म्हणायचे, दिवसातून चारदा फरशी पुसायच्या आणि एकदाही दार लावायच्या नाहीत. मला वाटायचं, काय हा हट्ट. दम्याचा माणूस आणि धुळीत बसतोय. एकदा मी नर्सपणा करून दार लोटून घेतलं. मालकांच्या कपाळावर घाम आला आणि ते मान वर करकरून श्वास घ्यायला लागले. मावशींनी स्वयंपाकघरातून येऊन दार उघडलं आणि मला एवढंच म्हणाल्या, "राहू दे ते." मी पुन्हा लावलं नाही. का, ते मात्र विचारलं नाही.

समोरच्या घरात चार माग होते. मालक डोळे मिटून ते ऐकत बसायचे. कुठल्या मागाची खटखट बिघडली की ते हातातला चमचा खुर्चीच्या दांडीवर वाजवायचे. ओरडायला दम नव्हता ना. चमचा दोनदा वाजला की दुसरा माग, तीनदा वाजला की तिसरा. समोरचे शेजारी हात पुसत बाहेर यायचे, हसायचे, आत जाऊन बघायचे. आडवं सूत नेणारा धोटा कुठंतरी घासत असायचा, नाहीतर पट्टा ढिला झालेला असायचा. माझ्या सहा वर्षांत मालकांचं निदान चुकलेलं मी पाहिलं नाही. आमच्या डॉक्टरांपेक्षा बरं होतं.

मी छातीच्या आजारांच्या वॉर्डात सिस्टर आहे. तेव्हा आमच्या मॅडमनी, म्हणजे मोठ्या डॉक्टरांनी, माझ्या गळ्यात एक नवं काम घातलं. जुना दमा असलेले, फुप्फुसं पार थकलेले पेशंट पुनःपुन्हा दाखल होतात. दर खेपेला श्वास जरा जास्त लागतो. एक दिवस असा येतो की घशात नळी घालून व्हेंटिलेटर लावायचा का हे दोन मिनिटांत ठरवावं लागतं, आणि तेव्हा पेशंटला बोलता येत नसतं. मग नातेवाईक वॉर्डाच्या दारात भांडतात. मॅडमचं म्हणणं, हे आधीच, शुद्धीत असताना, पेशंटला विचारून ठेवायचं. शेवटी काय करायचं, काय नाही करायचं, कुठं राहायचंय, आणि त्यांच्या वतीनं कोण बोलणार. मला दोन दिवसांचं शिक्षण मिळालं, एक छापील फॉर्म मिळाला आणि मी कामाला लागले.

पहिलेच पेशंट मोहोळकडचे एक आजोबा. मी खाटेशी उभी, हातात फाईल. फॉर्मवर होतं तसं वाचलं, "आयुष्याच्या अंतिम टप्प्यातील उपचारांबाबत तुमचं प्राधान्य काय आहे?"

आजोबांनी सुनेकडं बघितलं. सुनेनं पदर तोंडाला लावला. आजोबा म्हणाले, "म्हंजे मी चाललो का काय?"

मी म्हटलं, "नाही नाही, काळजी करू नका, काही होत नाही तुम्हाला."

ते त्याच संध्याकाळी घरी निघून गेले. औषधंसुद्धा न घेता.

घरी आले तेव्हा माझं तोंड बघून मालकांनी खुर्चीतूनच विचारलं, काय झालं. मी सांगितलं. ते एवढे हसले की पुढं पाच मिनिटं खोकत बसले आणि मावशी माझ्याकडं रागानं बघायला लागल्या. खोकला बसल्यावर म्हणाले, "एका दमात दोन वेळा खोटं बोललीस की. आधी म्हणालीस चाललाय. मग म्हणालीस काही होत न्हाई. त्यानं कुटलं धरायचं?"

"मग कसं विचारायचं असतं?"

"माज्यावर शीक. मी पेशंट व्हतो. पण नाव माजं न्हाई घालायचं. नाटक हाय हे. नाटकात राम झालेला गडी घरी जाऊन राम असतोय का?"

असं आमचं सुरू झालं. आठवड्यातून एक-दोनदा, माझी दुपारची सुट्टी असली की मालक पेशंट व्हायचे आणि मी सिस्टर, जी मी होतेच.

पहिल्या दिवशी मी तोंड उघडायच्या आत त्यांनी बोट वर केलं. "आधी स्टूल घे."

"का?"

"उभ्यानं पोलीस विचारतो. तू खाली बस. माज्या डोळ्याच्या उंचीला ये. मग विचार."

मी स्टूल ओढून बसले. तो पहिला धडा. दुसरा असा की एक प्रश्न विचारायचा आणि तोंड मिटायचं. मला हे जमायचं नाही. प्रश्न विचारला की शांतता भरून काढायला मी दुसरा विचारायचे. मालक हात वर करायचे. "आमचं उत्तर तुकड्या-तुकड्यानं येतंय. एक तुकडा आला की तू मधी पडतीस. मग मागचा तुकडा आतच राहतोय." तिसरा धडा, वाईट दिवशी विचारायचं नाही. ज्या दिवशी पेशंटला भाकरी-शेंगाचटणी गोड लागली, त्या दिवशी विचारायचं. आणि चौथा, फॉर्म बाजूला ठेवायचा, आधी विचारायचं, कशाची भीती वाटते.

"मरायची भीती वाटते म्हणतील," मी म्हटलं.

"न्हाई म्हणत. विचारून तर बघ. म्हणतील, गुदमरायची."

आणि खरोखर वॉर्डात एकेक जण तेच म्हणायला लागला. मरणाचं काही नाही हो सिस्टर, पण ते गुदमरणं. मग मला सांगता यायचं की त्याला औषध असतं, थोड्या मात्रेत देतात, तोंडावर पंख्याचा वारा घेतला तरी हलकं वाटतं, गुदमरत ठेवणार नाही तुम्हाला. हे ऐकल्यावर माणसांचे खांदे खाली यायचे. पुढचं बोलणं मग आपोआप व्हायचं. मॅडम मला म्हणाल्या, तुम्हाला हे चांगलं जमायला लागलंय. शिकवणी उंबऱ्यावर चालू होती.

नाटक करायला मालक हौशी होते. कधी मोहोळचे बागायतदार भगवानराव व्हायचे आणि माझ्यावरच गुरगुरायचे. कधी मावशींचा पदर ओढून डोक्यावर घेत हिराबाई व्हायचे, नातेपुत्याकडची मेंढरं राखणारी म्हातारी, चुलीच्या धुरानं छाती गेलेली. "लेकी, तुजं काय ते लवकर इचार, मेंढरं वाट बगायलीत." कधी निवृत्त हेडमास्तर. ते शुद्ध मराठी बोलायचे आणि माझी वाक्यं तपासायचे. मी शंभर पानी वहीत त्यांची नावं घालून उत्तरं लिहायचे. फॉर्म पुरा भरायचाच, असा मालकांचा दंडक.

भगवानरावांनी लिहवून घेतलं: घशात नळी नको. आडवं करू नका, बसवून ठेवा. दार उघडं पायजे, गोठा दिसला पायजे. माज्या वतीनं बायको बोलंल, पोरगं न्हाई, ते घाबरट हाय.

हिराबाईंनी: नळी न्हाई घालायची. बसती ठेवा मला. पालाचं तोंड मोकळं ठेवा. माजा म्हातारा सांगंल काय ते. लेकाला काय कळतंय, तो रडंल.

हेडमास्तरांनी: कृत्रिम श्वासनलिका नको. बसलेल्या स्थितीत ठेवावे. वर्गाचे दार मी कधी बंद केले नाही, तेव्हा आताही करू नये. निर्णय सौभाग्यवतींचा. चिरंजीव भावनाप्रधान आहेत.

हेडमास्तरांनी त्या दिवशी एक गोष्टही सांगितली. त्यांचे एक सहशिक्षक होते. त्यांना आयसीयूत ठेवलं, घशात नळी घातली. दार बंद, भेटायला एकेकट्याला सोडायचे. नळी ओढू नये म्हणून हात पट्टीनं खाटेला बांधलेले. बारा दिवस तसे. "ते डोळ्यांनी काहीतरी सांगत होते," हेडमास्तर म्हणाले, "आम्हास ते वाचता आले नाही." एवढं बोलून मालक थांबले. मला वाटलं, काय अभिनय करतोय माणूस.

वही चाळताना एकदा मी चिडवलं, "मालक, तुमचे सगळे पेशंट एकाच शाळेतले. कुणाला काही वेगळं सुचतच नाही."

ते म्हणाले, "धाप सगळ्यांना एकच लागतीय की."

मी हसले. आता आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

दिवाळीनंतरच्या थंडीत, सकाळी अकराच्या सुमाराला, मावशी आणि समोरचे शेजारी मालकांना रिक्षात घालून आमच्याच वॉर्डात घेऊन आले. ओठ निळे पडलेले, डोळे अर्धवट. मॅडमनी तोंडावर घट्ट बसणारा मास्क लावला, मशीननं श्वास आत ढकलायला सुरुवात झाली. थोड्या वेळानं मॅडम मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "मास्कवर सुधारले तर ठीक. थकले तर नळी घालायची का, हे आत्ता ठरवायला हवं. आणि ह्यांची फुप्फुसं बघता, एकदा घातलेली नळी निघेल याची मला खात्री नाही. तुमचेच घरमालक ना? तुम्ही बोललाच असाल त्यांच्याशी."

मी म्हटलं, "नाही."

काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय. वॉर्डातल्या एकूण एक माणसाला मी विचारलं होतं, ज्याच्या उंबऱ्यावरून रोज ये-जा केली त्याला सोडून. मला माझीच लाज वाटली.

त्यांचा मुलगा श्रीनिवास पुण्यात नोकरीला. तो फोनवर रडत होता. "सिस्टर, जे मशीन असेल ते लावा, व्हेंटिलेटर लावा, मी निघालोय." मावशी बाकावर बसून होत्या. त्यांना विचारलं तर म्हणाल्या, "श्रीनिवास सांगंल तसं." त्या घरात मावशींना कुणी काही विचारत नसे, आणि विचारलं तर त्या हेच म्हणायच्या.

वही माझ्या पिशवीतच असायची. मी ती काढून मावशींच्या शेजारी बसले आणि वाचून दाखवायला लागले. भगवानराव, हिराबाई, हेडमास्तर. एकामागून एक वाचलं तेव्हा माझ्याच कानाला ते ऐकू आलं. तिघांची नावं वेगळी, बोली वेगळी, आणि उत्तर अक्षरशः एक. हेडमास्तरांच्या सहशिक्षकाची गोष्ट आली तशी मावशींनी माझा हात धरला.

"सहशिक्षक कुटला? ते ह्यांचे थोरले भाऊ. ह्यांच्याच मागावर होते. त्या दिवसापासनं हे दार लावू देत न्हाईत."

तीनच्या सुमाराला श्रीनिवास आला. तोवर मास्कनं थोडं काम केलं होतं, मालकांचे डोळे उघडे होते. मी त्याला वही दाखवली, सगळं सांगितलं. तो चांगला मुलगा आहे. त्यानं वाचलं, नाक पुसलं आणि म्हणाला, "पण सिस्टर, हे नाटकातलं आहे ना? बाबांनी स्वतःच्या तोंडानं सांगितलंय का? नाटकातल्या माणसांवरून मी बाबांना मरू देऊ?"

त्याचं बरोबर होतं. उत्तर असणारा माणूस दहा पावलांवर होता. मॅडम म्हणाल्या, मास्क मधून मधून काढता येईल, पण घाई करा, फार वेळ नाही.

मी मावशी आणि श्रीनिवासला घेऊन खाटेशी गेले. तोवर वॉर्डात शंभरेक जणांशी बोलले असेन, पण त्या दिवशी शिकलेलं सगळं विसरले. हातात फाईल तशीच. मास्क बाजूला केला आणि उभ्या उभ्या म्हणाले, "मालक, काळजी करू नका, काही होत नाही तुम्हाला, फक्त एक विचारायचं होतं—"

मालकांनी डोळे वटारले. बोट वर केलं. मग ते बोट हळूहळू खाली आणून खाटेखाली दाखवलं.

खाटेखाली स्टूल होतं.

मी ते ओढलं आणि बसले. फाईल जमिनीवर ठेवली. मालकांनी श्रीनिवासकडं बघितलं. त्याला कळलं नाही, मीच म्हटलं, बस. तो खाटेच्या कडेला टेकला.

"नाव सांगा," मी विचारलं. नाटकाची सुरुवात नेहमी अशीच असायची.

त्यांनी स्वतःचं नाव सांगितलं. वडिलांच्या नावासकट, पूर्ण, चार श्वासांत.

"कशाची भीती वाटते?"

आणि मी तोंड मिटलं. श्रीनिवास काहीतरी बोलायला गेला तर मी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. मास्क मध्ये दोनदा लावावा लागला.

"नळीची." मग थांबून, "हात... बांधत्यात." मग, "बसवून ठेवा. घरी." मग त्यांनी मावशींकडं बोट केलं. "ही सांगंल." आणि श्रीनिवासकडं बघून, "तू न्हाई. तू लई... माया करतोस."

श्रीनिवास रडायला लागला. रडत रडतच उठला, आणि वॉर्डाचं थंडीमुळं लोटून घेतलेलं दार जाऊन उघडून आला. त्याला ते कुणी सांगितलं नव्हतं.

त्या खेपेला मालक सुधारले. मास्कवरून पुन्हा नाकातल्या नळीवर आले आणि घरी गेले. मॅडमनी धाप कमी करणारं औषध लिहून दिलं, कधी आणि किती द्यायचं ते मी मावशींना शिकवलं. वहीत मी चौथं पान लिहिलं, खऱ्या नावाचं. त्यावर मावशींची सही घेतली. त्यांनी तेलुगूत केली. दुसऱ्या दिवशी मी विचारलं, "आज हिराबाई येणार का?" मालक म्हणाले, "तिचं झालं सांगून."

दोन महिने ते घरी होते. खुर्ची, उंबरा, चमचा. चमचा मग जड व्हायला लागला, म्हणून बोटानं वाजवायचे.

शेवटचा दिवस रविवार होता, म्हणून श्रीनिवासही घरी होता आणि मीही. सकाळी दहा वाजता उंबऱ्यावरच्या खुर्चीत बसल्या बसल्या मालकांचा श्वास बदलला. मी तो श्वास ओळखते. मावशींना औषध द्यायला सांगितलं, त्यांनी दिलं. पंखा तोंडावर केला. मालकांच्या कपाळावरच्या आठ्या सैल झाल्या. पण श्रीनिवासला ते बघवेना. तो उभा राहिला, फोन काढला, म्हणाला, "मी ॲम्ब्युलन्स बोलावतो. एकदा शेवटचा प्रयत्न तरी करू. सिस्टर, तुम्ही गप्प का?"

मी गप्प होते कारण बोलायचा हक्क माझा नव्हता. मी मावशींकडं बघितलं.

मावशींनी औषधाची बाटली खाली ठेवली. त्या घरात मी त्यांचा असा आवाज कधी ऐकला नव्हता. म्हणाल्या, "उभ्यानं बोलू नको, श्रीनिवास. आधी स्टूल घे."

तो उभाच.

"बस. तुझ्या बापानं सांगितलंय आणि मी ऐकलंय. फोन ठेव."

तो बसला. वडिलांचा हात हातात घेतला. फोन तिथंच जमिनीवर पडून राहिला.

समोरचे शेजारी दारात आले होते. हळूच म्हणाले, "मावशी, माग बंद करू का?"

"चालू दे," मावशी म्हणाल्या. "ते ऐकायलेत."

एकाच्या सुमाराला मालकांचं बोट खुर्चीच्या दांडीवर दोनदा हललं. झटका होता की आणखी काही, मला सांगता येणार नाही. शेजारी गेले, दुसरा माग बघून परत आले आणि मालकांच्या कानाशी वाकून म्हणाले, "नीट चाललाय, मालक. काही बिघाड न्हाई."

त्यानंतर मालकांनी दोनच श्वास घेतले. दार उघडं होतं, मालक बसलेले होते. शेजाऱ्यांनी मावशींना विचारलं, ऐकलं असंल का त्यांनी?

"ऐकलं की," मावशी म्हणाल्या.